तेलानंतरचे शब्द

माझे दोन्ही हात सिस्टर पल्सिफर यांच्या डोक्यावर होते आणि मला एक शब्द सुचत नव्हता.

तेल लावून झालं होतं. ते काम धर्मप्रचाराच्या फेरीतल्या माझ्या जोडीदाराचं, एल्डर लोलोहेआचं. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेल्या इवल्याशा बाटलीतून त्याने ऑलिव्ह तेलाचा एक थेंब त्यांच्या विरळ पांढऱ्या केसांत सोडला, दोन वाक्यं म्हटली आणि माझ्याकडे पाहिलं. आम्हा मॉर्मन लोकांत आजाऱ्याला आशीर्वाद देताना तेल एक जण लावतो आणि पुढचं दुसरा बोलतो. तेलाच्या वेळचे शब्द साधारण ठरलेले असतात. पुढचे नसतात. देव आतून जे सुचवील तेच बोलायचं, आणि तेही त्याच्या नावाने.

मी एकोणीस वर्षांचा होतो, या गावात येऊन मला तीन दिवस झाले होते, आणि देव गप्प होता.

स्वयंपाकघरात स्टोव्हवर किटली उकळत होती. त्यांचे यजमान ब्रदर पल्सिफर (आमच्यात सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणतात) टोपी छातीशी धरून, डोळे मिटून उभे होते. माझ्या हातांखाली त्या म्हाताऱ्या बाईंचं डोकं ऊबदार होतं आणि माझे हात थरथरत होते, ते त्यांना कळत असणार या विचाराने आणखीच थरथरत होते. काहीतरी बोलायलाच हवं होतं. मग मी बोललो. "सिस्टर पल्सिफर, तुमचा हा आजार जाईल. तुम्ही पुन्हा ठणठणीत व्हाल. येत्या मे महिन्यात तुम्ही आपल्या हाताने अंगणात बटाटे लावाल."

बटाटे का? मी आयडाहोचा. आमच्याकडे लहानपणापासून दुसरं काही पाहिलेलंच नसतं.

आमेन झाल्यावर ब्रदर पल्सिफर यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सत्तरीचा, आयुष्यभर गव्हाची शेती केलेला माणूस, पण डोळे भरून आले होते. निघताना त्यांनी घरी पाकात घालून ठेवलेल्या पीचच्या दोन बाटल्या आमच्या हातात कोंबल्या.

गाडीत बसल्यावर लोलोहेआने किल्ली फिरवली आणि इंजिन तापेपर्यंत नुसता बसून राहिला. हा सॉल्ट लेकला वाढलेला, मूळ टोंगा बेटांवरचा पोरगा, दारातून आत यायला त्याला जरा तिरकं व्हावं लागायचं.

"बटाटे?" तो म्हणाला.

"हं."

"ते सुचलं तुला, का घाबरून आलं तोंडातून?"

"मला काय माहीत."

"बरं," असं म्हणून त्याने गाडी काढली.

मला माहीत होतं. भीती आणि माझी ओळख जुनी, ती कुठे बोलते ते मला बरोबर कळतं. मोंटानाच्या त्या कोपऱ्यातल्या गावात फेब्रुवारीच्या थंडीत बसमधून उतरलो तेव्हापासून ती माझ्या मानगुटीवर होती. दार वाजवायची भीती, कुत्र्यांची भीती, फोन आला तर उचलायची भीती. कोटावर नावाची पट्टी लावली होती: एल्डर बंडरसन. एल्डर म्हणजे वडीलधारा. ज्यांना धड मिसरूड फुटलेलं नाही अशा पोरांना हे नाव देण्यात आमच्या लोकांना काहीच विनोदी वाटत नाही. पहिलं नाव तर या प्रचाराच्या मिशनवर येताना आईजवळच ठेवून यायचं असतं. थेन म्हणून मला कुणी हाक मारली असती, तर मी तिथेच रडलो असतो.

पहिल्या दिवशी आम्ही एकतीस दारं वाजवली. एका बाईने दार न उघडताच आतून सांगितलं, "मी घरी नाहीये." लोलोहेआ म्हणाला, "बरं, आल्यावर सांगा आम्ही येऊन गेलो." तो हसला, मीही हसलो, पण पुढचं दार त्यालाच वाजवायला लावलं. तरी ती सगळी भीती साधी होती. कुत्रा चावला असता तर मलाच चावला असता.

रविवारी दुसरी भीती समोर आली, माझ्या बोलण्याने दुसऱ्याचं काही होण्याची. महिन्यातला पहिला रविवार, म्हणजे उपासाचा. त्या दिवशी आमच्याकडे प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने उठायचं आणि आपला अनुभव सांगायचा. गावात आमची माणसं उणीपुरी वीस, भाड्याच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसलेली, सगळ्यांची पोटं गुरगुरत होती. ब्रदर पल्सिफर उठले. हे गृहस्थ दहा वर्षांत एकदाही उठले नव्हते, असं मागून कुणीतरी कुजबुजलं.

"मला बोलता येत नाही," ते म्हणाले. "पण गप्प बसवत नाही. तुम्हाला माहिताय, माझ्या नेड्राच्या हृदयाची झडप गेलीय. येत्या बुधवारी बिलिंग्जच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, केलं तर निम्मी आशा, न केलं तर पुढचा हिवाळा काही दिसायचा नाही. गुरुवारी हा नवा एल्डर आला. त्याने हात ठेवले आणि देवाच्या नावाने सांगितलं, तू बरी होशील. काल सकाळी मी फोन करून टाकला. म्हटलं, येत नाही आम्ही. आता मे महिन्यात बटाटे लावायचे."

बायका डोळे पुसू लागल्या. दोघे-तिघे मागे वळून माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. सिस्टर पल्सिफर पुढच्या रांगेत निळा कोट घालून ताठ बसल्या होत्या, त्यांची पाठ तेवढी मला दिसत होती. मला वाटलं, आता उठावं आणि ओरडून सांगावं. मी खुर्ची घट्ट धरून बसून राहिलो. त्या बाईंचा जीव मी तीन वाक्यांत काढून घेतला होता आणि लोक माझ्याकडे बघून हसत होते.

दुपारी खोलीवर मी लोलोहेआला सगळं सांगितलं. तो बुटांना पॉलिश करत होता.

"म्हणजे काहीच आलं नव्हतं आतून?"

"काहीच नाही. मी घाबरलो. ते ब्रदर डोळे मिटून उभे होते रे. मला त्यांना नाही म्हणवेना."

"मग जाऊन सांग."

"तू सांग ना. तू मोठा आहेस, तुझं ऐकतील."

"मी काय सांगू? हा पोरगा खोटं बोलला म्हणून?" त्याने बूट खाली ठेवला. "हे बघ बंडरसन, मी तुझ्या शेजारी उभा राहीन. पाहिजे तर दोन दिवस उभा राहीन. बोलायचं तुलाच."

"आणि मी सांगितल्यावर त्या गेल्या ऑपरेशनला, आणि तिथेच काही झालं तर?"

 त्याने दुसरा बूट घेतला. त्याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे, कारण दुसरा कुणी असता तर काहीतरी गोड बोलला असता.

सोमवारी सकाळी आम्ही पल्सिफरांच्या दारात उभे होतो. पहिल्या दिवसाच्या एकतीस दारांपेक्षा हे एक दार वाजवायला मला जास्त वेळ लागला. ब्रदर पल्सिफर मागे कोंबड्यांकडे गेले होते. सिस्टर पल्सिफर यांनी आम्हाला आत घेतलं आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. तेवढ्यानेच त्यांना धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते. आमचा नियम असा की जोडीदाराला एकटं सोडायचं नाही. त्यामुळे लोलोहेआ बाहेर जाऊ शकत नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बियाणांच्या दुकानाचं कॅलेंडर वाचू लागला. एवढा मोठा देह भिंतीकडे वळलेला, आणि कॅलेंडरवर वाचण्यासारखं काही नव्हतं.

"सिस्टर पल्सिफर," मी म्हणालो, "गुरुवारी मी जे बोललो ते देवाने सांगितलं नव्हतं."

त्यांनी हातातला रुमाल मांडीवर ठेवला.

"मला काहीच सुचलं नव्हतं. मी घाबरलो आणि मनाचं बोललो. तुम्ही ऑपरेशन रद्द करू नका. माझ्या शब्दावर नका करू."

किटलीचं झाकण वाजत होतं. त्यांनी एप्रनची किनार सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं लोक माझ्या डोक्यावर हात ठेवतायत. माझ्या बाळंतपणात माझ्या वडलांनी ठेवले होते. कळतं रे. तुझे हात नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या पायांसारखे लटपटत होते."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? मला तेच हवं होतं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "छाती करवतीने कापतात म्हणे. मला रात्रभर तेच ऐकू येतं. माझ्या ऑर्व्हलला सांगितलं असतं मला भीती वाटते, तर तो बिचारा आणखी घाबरला असता. तू म्हणालास बरी होशील, म्हटलं चला, सुटले. आता देवानेच सांगितलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

मी मान खाली घातली.

"तू आला नसतास तर मी इथेच निवांत मेले असते," त्या म्हणाल्या, आणि त्यांना थोडं हसू आलं. मग ते गेलं. "जावं लागणार आता."

"मला माफ करा."

"माफीचं नंतर बघू. आधी ऑर्व्हलला जाऊन सांग. माझ्याच्याने व्हायचं नाही. त्याच्या तोंडाकडे बघवायचं नाही मला."

कोंबड्यांच्या खुराड्यात ब्रदर पल्सिफर पाण्याच्या बादलीतला बर्फ कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने फोडत होते. मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिलं बर्फाच्या आवाजात विरून गेलं. सांगून झाल्यावरही ते बर्फ फोडतच राहिले. बादलीतलं पाणी मोकळं झालं, तरी त्यांनी आणखी चार-पाच घाव घातले. मला वाटलं आता ही कुऱ्हाड माझ्यावर येईल. खरं सांगतो, आली असती तर बरं वाटलं असतं.

"रविवारी मी सगळ्यांसमोर उभा राहिलो," ते म्हणाले.

"हो, ब्रदर."

"उभ्या आयुष्यात एकदा."

"हो."

त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली. "तिला माहिताय?"

"आधी त्यांनाच सांगितलं."

"काय म्हणाली?"

इथे मी अडलो. मग म्हणालो, "त्यांना फार भीती वाटतेय. तुमच्यासमोर दाखवत नाहीत."

 त्यांचा चेहरा असा झाला की मीच नजर फिरवली. मग ते लगबगीने घराकडे निघाले, त्या गोठलेल्या अंगणात घसरायची पर्वा न करता. आत जाऊन त्यांनी काही न बोलता फोनशेजारच्या वहीत नंबर शोधला. बुधवारची जागा अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. मंगळवारी रात्री दाखल व्हायचं ठरलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं. ट्रकचं इंजिन बाहेर चालूच होतं. सिस्टर पल्सिफर निळा कोट घालून त्याच खुर्चीत बसल्या होत्या. "तेल आणलंय?" ब्रदर पल्सिफर म्हणाले. लोलोहेआने जुडगा माझ्या हातात दिला. तेल मी लावलं.  मग ब्रदर पल्सिफर यांनी आपले फाटलेले, जाड हात बायकोच्या डोक्यावर ठेवले आणि आम्ही दोघांनी आमचे त्यांच्या हातांशेजारी. ते बोलायला लागले, थांबले, पुन्हा लागले.

"देवा, ही नेड्रा आहे," ते म्हणाले. आणि खूप वेळाने, "एवढंच."

आमेन आम्ही तिघांनीही हळूच म्हटलं. सिस्टर पल्सिफर उठल्या. दारात त्यांनी माझ्या गालाला हातमोज्याने थोपटलं आणि म्हणाल्या, "लाल कोंबडी चोच मारते, तिला दाणे शेवटी घाल. आणि तिला घाबरू नकोस, तिला कळतं." मग नवऱ्याच्या आधाराने पायऱ्या उतरल्या. ट्रक वळणापर्यंत सावकाश गेला. एवढ्या सावकाश त्या रस्त्यावर कुणी जात नाही.

पुढचे नऊ दिवस आम्ही सकाळी दारं वाजवायच्या आधी आणि संध्याकाळी परत येताना त्यांच्या कोंबड्यांना दाणे घातले, बर्फ फोडला, अंडी आत नेऊन ठेवली. बिलिंग्जहून पहिल्यांदा फोन आला की ऑपरेशन झालं. मग आला की त्यांना शुद्ध आली, बोलल्या. मग तीन दिवस आलाच नाही. रोज संध्याकाळी मी फोनकडे बघत बसायचो आणि लोलोहेआ दोघांसाठी अंडी तळायचा. मी मनाशी सारखा तोच हिशोब मांडत होतो: बोललो नसतो तर काय, आणि बोललो म्हणून काय. तो सुटला नाही. आता मी त्यांच्या वयाचा झालो आहे, अजून सुटलेला नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी आम्ही खुराडं लावत होतो तेव्हा ट्रक आला. ब्रदर पल्सिफर एकटेच उतरले. आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. ते ट्रकला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले, तिकडचं दार उघडलं आणि थोडा वेळ ते धरूनच उभे राहिले.

मी जवळ गेलो. 

"ब्रदर पल्सिफर, मी जर त्या दिवशी..."

"तू खरं सांगितलंस ना?"

"हो."

"मग झालं." त्यांचा आवाज अगदी बसलेला होता. "दोन दिवस चांगली होती. माझ्याशी बोलली. भीती वाटते म्हणाली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. मी म्हटलं, मलाही. मग आम्ही हात धरून बसलो, शेवटपर्यंत."

सीटवर सिस्टर पल्सिफर यांची छोटी तपकिरी बॅग होती. ती घ्यायला मी हात पुढे केला.

"नको," ते म्हणाले. "हलकी आहे."

आणि ती बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते एक-एक पायरी चढत घरात गेले.