बॅटरीकाकांची सोन्याची दाढ

गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे बॅटरीकाका प्रत्येक गिऱ्हाइकाला एक धडा फुकट देत. "दोन वेगळे धातू घ्या, मध्ये ओलावा ठेवा. झाली बॅटरी. यात कसलं आलंय डोकं?"

लेकीच्या लग्नाआधी काकांनी हौसेनं वरच्या दाढेवर सोन्याची टोपी बसवून घेतली. ती दिसावी म्हणून लग्नात नको तिथंही मोठमोठ्यानं हसले. पुढच्याच आठवड्यात जेवणाला पत्र्याची चव यायला लागली. आता दोष कुणाचा? अर्थात काकूंचा.

"आज पत्र्याचं सारण भरलंस का भाजीत?" हे रोजचं झालं. काकूंनी भांडी बदलली, तेल बदललं, मीठ बदललं. तीस वर्षं ज्या बाईच्या हाताला चव आहे म्हणून पाहुणे बोटं चाटत, तिनं एका दुपारी पळी खाली ठेवली. "माझ्या हाताची चवच गेली हो. उद्यापासून बाहेरून डबा आणू या." एवढं बोलून त्या डोळे पुसत आत गेल्या. पण माघार घेतील तर ते काका कसले.

डबा आला. त्यातली भाजीही पत्र्याचीच लागली. तेव्हा कुठं स्वारी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी तोंडात डोकावून पाहिलं. "वर सोनं, खालच्या दाढेत जुनं चांदीचं भरण, मध्ये लाळ. तुमच्या तोंडात वीज तयार होतेय, काका. तीच जिभेला लागते. काय करता तुम्ही?"

"किराणा दुकान आहे," काका म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर कळसा तोंडातच होता. काकांनी सोनं उतरवून साधी पांढरी टोपी बसवली, घरी येऊन सोन्याच्या टोपीची पुडी काकूंच्या हातावर ठेवली आणि सगळं कबूल केलं. "तुझा हात शाबूत आहे गं. बिघाड माझ्या तोंडात होता." काकू पोट धरून हसल्या. गिऱ्हाइकांना आता धड्याबरोबर ही गोष्टही फुकट मिळते, काका स्वतःच रंगवून सांगतात.

फक्त एक गोष्ट ते सांगत नाहीत. काकू अजूनही भाजी दोनदा चाखून वाढतात आणि पहिला घास काकांच्या तोंडात जाईपर्यंत पळी हातात धरून उभ्या राहतात. भाजी झकास असते. तो घास मात्र काकांच्या घशाखाली उतरत नाही.