पालकाच्या पानातले चार दोरे

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटते की हा बंद पडलेला बॉयलर असावा. माणसापेक्षा उंच लोखंडी नळकांडे, अंगाखांद्यावर नळ्या, पोटाशी एक हिरवट काच. तसे काही नाही. मी एक जुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. साध्या भिंगाने जन्मात दिसणार नाहीत असे विषाणू दाखवण्यात माझी हयात गेली. तेव्हा थोडी फुशारकी चालवून घ्या.

माझी भिंगे काचेची नाहीत. ती तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत, आणि कारखान्यातल्या कारागिरांनी ती आठ महिने खपून गुंडाळली. इथे प्रयोगशाळेत माझ्यासाठी तळमजल्यावर वेगळा चौथरा बांधला, कारण रस्त्यावरून ट्रक गेला तरी माझी नजर हलते. पहिल्याच आठवड्यात मी पालेभाज्यांवरचा एक विषाणू दाखवला, वाकड्यातिकड्या दोऱ्यांसारखा. केसाची जाडी भरायला असे शंभर दोरे टोकाला टोक लावून ठेवावे लागतील. त्या दिवशी मोठमोठे शास्त्रज्ञ माझ्यापुढे रांग लावून उभे होते. पुढे शेजारच्या इमारतीत नवा सूक्ष्मदर्शक आला आणि माझ्याकडे दोनच माणसे उरली. एक डॉक्टरबाई, वनस्पतींच्या विषाणूंवर केस पांढरे केलेल्या. दुसरा माझा तंत्रज्ञ. वीस वर्षे त्याच्या कामाचा झपाटा असा की सगळे त्याला तुफान म्हणत.

एके दिवशी एक मावशी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पालकाची पाने घेऊन आल्या. त्या पालकाचे बियाणे पिकवायच्या. बावीस वर्षे चांगली झाडे निवडून निवडून त्यांनी स्वतःचा वाण राखला होता. यंदा पाने पिवळी पडली, म्हणून बियाणे तपासणारा निरीक्षकही त्यांच्याबरोबर आला होता. मी दाखवलेल्या त्या दोऱ्यांसारख्या विषाणूने पाने अशीच पिवळी पडतात, आणि तो बियांतून पसरतो. तो निघाला, तर शेत उपटायचे आणि घरातले सगळे बियाणे जाळायचे, असा नियम होता.

"एक मूठभरसुद्धा ठेवता येणार नाही?" मावशींनी विचारले.

"नियम म्हणजे नियम, मावशी," निरीक्षक म्हणाला आणि दारातच घड्याळ बघत उभा राहिला.

तुफानने पान चिरले, त्याचा रस डाळीच्या दाण्याएवढ्या तांब्याच्या जाळीवर घेतला आणि चिमट्याने ती जाळी माझ्या पोटात ठेवली. खोलीत अंधार केला. मी हिरवट काचेवर सगळे पन्नास हजार पटींनी मोठे करून दाखवू लागलो. बराच वेळ काहीच नव्हते. मग एक दोरा दिसला. मग दुसरा. सगळी जाळी पालथी घातल्यावर चार.

"निघाला," निरीक्षक म्हणाला. "लिहा अहवाल."

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. मी खोटे दाखवत नाही, याचा मला अभिमान आहे. पण त्या क्षणी मला फार वाईट वाटले.

डॉक्टरबाईंनी मात्र पेन उचलले नाही. "पान एवढं पिवळं, आणि दोरे चारच? सकाळी दुसऱ्या एका शेतातला नमुना पाहिला, त्यात तर पाय ठेवायला जागा नव्हती. तुफान, मधे चिमटा जाळलात का?"

आमच्याकडे एक नमुना झाला की चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. तुफानने मान खाली घातली.

"साहेब दारात उभे होते. घाईत कोटालाच पुसला मी."

"मग तो चिमटा आता तसाच घ्या. आणि त्यानं नव्या जाळीवर नुसत्या शुद्ध पाण्याचा थेंब घ्या."

निरीक्षक वैतागला. "पाण्यात काय बघणार, बाई?"

"पाण्याला रोग झालाय का ते."

पाण्यात तीन दोरे निघाले. निरीक्षकाने हातातले घड्याळ बाहीखाली सारले आणि स्टूल ओढून बसला. मग नवा चिमटा आला, नव्या जाळ्या आल्या, सहा वेगवेगळी पाने चिरली गेली. इलेक्ट्रॉन सोडणारी माझी बारीक तार जुनी झाली होती, कधीही तुटली असती. मी दुपारपर्यंत तग धरला. सहाही जाळ्यांवर एकही दोरा नव्हता.

"झाडांच्या मुळाशी पाणी साचतंय तुमच्या शेतात," पाने उलटीपालटी करत डॉक्टरबाई म्हणाल्या. "चर काढा, पालक हिरवा होईल."

तुफान मावशींसमोर जाऊन उभा राहिला. "चूक माझी होती, मावशी. माझ्यामुळे तुमचं सगळं गेलं असतं."

"गेलं नाही ना? मग झालं तर. पण भाऊ, यापुढे कुणी कितीही घड्याळ बघू दे, तुम्ही चिमटा जाळा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मलाही बघू दे की."

त्या हिरवट काचेवर वाकल्या. "मला तर काहीच दिसत नाही."

"तेच दाखवतोय तो," डॉक्टरबाई म्हणाल्या. मावशी पदराने डोळे पुसून पुन्हा वाकल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

मित्रांनो, यंत्राची निगा राखणे म्हणजे त्याच्यावरची धूळ झटकणे एवढेच नव्हे. माझ्यापुढे जे ठेवाल ते मी इमानाने दाखवीन, पण ते कुठून आले हे मला सांगता येत नाही. ती काळजी तुमच्या हातांनी घ्यायची असते.

मी काढलेली विषाणूंची शेकडो छायाचित्रे बाहेर भिंतीवर चौकटीत लावलेली आहेत. त्या दिवशीचे छायाचित्र कुणी लावले नाही, कारण त्यात काहीच नाही. मावशींनी मात्र त्याची प्रत मागून नेली आणि घरी बियाण्याच्या डब्यावर चिकटवली. माझ्या सगळ्या कामात मला त्याच छायाचित्राचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो.