राणीचे त्रेसष्ट मार्क

कोणाला खरं वाटणार नाही, पण सत्तरपैकी त्रेसष्ट मार्क मिळवलेली एक राणी चिंचणीत रोज सकाळी माझ्या तळहातावर बसते, चहा निवेपर्यंत... काड्यापेटीपेक्षा जरा मोठी अशी ती प्लॅस्टिकची डबी, टणक, चारी बाजूंनी बंद, कुठे खिळा नाही की फट नाही. आत पांढऱ्या चौकटीत बसवलेला अठराशे बासष्ट सालचा, राणीच्या चेहऱ्याचा चांदीचा रुपया, आणि वर कागदाच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेला अमेरिकेचा निकाल. पुंडलिकाने डबी खिडकीकडे तिरकी केली. उजेड आधी प्लॅस्टिकवर पसरला, मग आत शिरला, राणीच्या केसांवरून घसरत गालापर्यंत आला आणि तिथे थांबला – वाळूवर लाट शेवटची थांबते तसा. रुपयाच्या कडेला जांभळट काळपट झाक होती. ती झाक म्हणजे मळ नव्हे, ते वय – हे ज्याला कळलं त्याला या छंदातलं निम्मं कळलं. पुसायचं नाही. काही झालं तरी पुसायचं नाही.

पुंडलिक तामोरे – म्हणजे मीच, लपवून काय उपयोग – वय वर्षं सदुसष्ट, होडी विकून सहा वर्षं झालेला, आणि गावात थापाड्या म्हणून नाव कमावलेला माणूस. लोक जेवणात मीठ घालतात तसा तो बोलण्यात खोटं घालायचा, चवीपुरतं. त्याच्या जाळ्यात आलेली घोळ मासळी खोकायची. एका खेकड्याने त्याला बंदरावर ओळख दाखवली होती, पुढच्या नांगीने. कोणी विश्वास ठेवत नसे, सगळे ऐकत असत, आणि त्याला तेवढं पुरत होतं... पुरत होतं असं त्याला वाटायचं, तारापूरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या राघवनसाहेबांनी ती पहिली डबी दाखवली त्या दिवसापर्यंत.

राघवनसाहेब जयवंतीकडे सुके बोंबील घ्यायला येत. एकदा त्यांची नजर फळीवरच्या बरणीकडे गेली, पुंडलिकाने गोळा केलेल्या जुन्या नाण्यांच्या, आणि पुढच्या खेपेला मुलाने अमेरिकेतून पाठवलेलं एक डबीबंद नाणं ते खिशात घालून आले. तिथे म्हणे तीन माणसं बसतात. एकाने काय मार्क दिले ते दुसऱ्याला कळू देत नाहीत. भिंगातून बघतात, सत्तरपैकी आकडा ठरतो, आणि नाणं कायमचं बंद. पुंडलिकाला हे समजायला मुळीच जड गेलं नाही, कारण जयवंती वलांडीवरचे, म्हणजे बांबूच्या मांडवावरचे, सुकलेले बोंबील उतरवून हेच करत आली होती – बोटांत धरून जरा वाकवायचा, पहिल्या ढिगात, दुसऱ्या ढिगात, आणि तो वास आलेला तिकडे. पण खरी गंमत वेगळीच होती. डबी एकदा बंद झाली की वाद संपला. चिंचणीतला कोणीही माणूस म्हणू शकत नव्हता की पुंडलिक फेकतो, कारण बोलत होती ती डबी. ज्याचं एकही वाक्य गाव खरं मानत नव्हतं त्याच्या फळीवर, साहेबांच्या मुलाकरवी, हळूहळू पाच खरी वाक्यं येऊन बसली, प्लॅस्टिकमध्ये. सकाळी ती पाहिली की दिवसभर छाती भरलेली राहायची. होडी घरी होती तेव्हा राहायची तशी.

"अवो, ठेवा आता ती डबी," जयवंती मागल्या दारातून म्हणाली. तिच्या हातात चिंचेचा गोळा होता. "आज धनतेरस हाय. बाजारातनं धने न् गूळ आना."

"आणतो ना."

"आन् सांजचे मला ती उघडून द्या. लक्ष्मीला धुवायची हाय."

पुंडलिकाने डबी धोतराच्या सोग्याने पुसली. वरून. वरून पुसलेली चालते.

रुपया जयवंतीचा. म्हणजे... तिचा रुपया तिच्या आईने लग्नात ओटीत घातलेला, आणि तिच्या आईला तिच्या आईने. दरवर्षी धनत्रयोदशीला जयवंती तो डब्यातून काढायची, चुलीतली राख आणि चिंच लावून नारळाच्या काथ्याने घासायची, पाठीवर हात फिरवल्यासारखी हळू नव्हे, अगदी मनगटातून जोर लावून, आणि मग दुधात बुडवून पाटावर मांडायची. तेव्हा तो असा काही चमकायचा की शेजारची मंजुळा म्हणायची, "जयवंती, तुझा रुपया म्हंजी नवी नवरी गो." आणि त्या दिवशी जयवंतीच्या चालण्यात फरक पडायचा. आपल्याकडे लक्ष्मी मळकी ठेवत नाहीत. एवढंच तिला माहीत होतं, आणि एवढंच पुंडलिकालाही माहीत होतं, चाळीस वर्षं.

जानेवारीत त्याने तो रुपया मागितला. तिने दोन दिवस दिला नाही. तिसऱ्या दिवशी पदराची गाठ सोडून हातावर ठेवला आणि म्हणाली, "आयेचा हाय. मार्क कमी आले तर माझ्या आयेला कमी आले." तो हसला होता. राघवनसाहेबांचा मुलगा तेव्हा सुट्टीवर आलेला, तो घेऊन गेला. जूनमध्ये रुपया परत आला – डबीत नाही, एका मऊ, पातळ पिशवीत, सोबत चिठ्ठी. कॉलनीतल्या व्हरांड्यात साहेबांनी ती दोनदा वाचली. घासलेलं नाणं. याला आकडा देता येत नाही.

शून्यसुद्धा नाही. शून्य हा तरी आकडा आहे... पुंडलिक घरी येताना चालत आला, बस सोडून दिली. बायकोला काय सांगायचं? की तुझ्या हाताने, तुझ्या आईच्या हाताने, तिच्या आईच्या हाताने जी काय पूजा केली, तिला तिकडे नासाडी म्हणतात? चुलीची राख, चिंच, मनगटाचा तो जोर, सगळं त्या तीन माणसांना भिंगातून दिसलं, आणि त्यांना फक्त ओरखडे दिसले? वाईट वाटलं नाही त्याला, राग आला. आणि राग आला की त्याला नेहमी एखादी थाप सुचते. पालघरला पंढरी सावे म्हणून एक जुने नाणेवाले होते, त्यांच्याकडे त्याच सालचा, त्याच राणीचा डबीबंद रुपया होता, त्रेसष्टवाला. पुंडलिकाने आपल्या पाच डब्यांतली सगळ्यात देखणी त्यांना दिली आणि ती घेऊन आला. जयवंतीचा खरा रुपया तेव्हापासून त्याच्या तंबाखूच्या चंचीत, कमरेला. डबी तिच्या हातात ठेवून तो म्हणाला होता, "घे. त्रेसष्ट." ती नुसती "बरं" म्हणाली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, आणि प्लॅस्टिक जाड होतं.

चार महिने झाले त्याला. आणि सांगतो, या चार महिन्यांत मी सुखात आहे. आयुष्यभराच्या थापांत ही एकच अशी, जिच्यावर घरातल्या माणसाने विश्वास ठेवला.

बाजारात धणे घेताना मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. राघवनसाहेब. हातात बर्फीचा पुडा.

"पुंडलिकभाऊ, शाम को आता हूँ, दिवाली है," साहेब म्हणाले, आणि मग आवाज उतरवून, "भाभी को बताया?"

पुंडलिकाने धण्याची पुडी नाकाशी नेली. "बताया ना. त्रेसष्ट."

साहेबांनी पुडा या हातातून त्या हातात घेतला. "मैं झूठ नहीं बोलता, पुंडलिकभाऊ."

"मग बोलू नका. बर्फी खा, गप बसा."

"चुप रह सकता हूँ," साहेब म्हणाले, जरा विचार करून, एखादं यंत्र किती दाब सोसेल ते सांगावं तसं.

दुपारभर पुंडलिक अंगणात वलांडीखाली बसून राहिला. वारा समुद्राकडून येत होता, बोंबील एकमेकांवर आपटून कोरडे वाजत होते. भीती होती असं म्हणता येणार नाही... एक हुरहूर होती, गळ टाकून बसलेल्या माणसाला असते तशी, आणि तीत सुखच जास्त. संध्याकाळी जयवंती डबी उघड म्हणेल. त्यावर एक गोष्ट लागेल, चांगली, दणकट, पाण्यात न विरघळणारी. तो ती रचू लागला आणि रचता रचता त्याला स्वतःलाच ती आवडू लागली.

दिवेलागणीला पाटावर लाल कापड आलं, तांदूळ आले, वाटीत धणे-गूळ. मंजुळा आली, बसली. साहेब आले, बूट बाहेर काढून, पुडा मांडीवर घेऊन भिंतीशी. जयवंतीने दुधाचं भांडं पुढे ठेवलं, चिंच ठेवली, राख ठेवली, आणि हात पुढे केला.

"उघडा."

"उघडता येत नाही," पुंडलिक म्हणाला. "उघडली की मार्क उडून जातात."

"मार्कांना काय पंख हायत, भावजी?" मंजुळा म्हणाली.

"पंख नाहीत, पण वाफ आहे. ऐक. तीन साहेब बसले होते. टेबलावर आपला रुपया. पहिला म्हणाला एकसष्ट, दुसरा म्हणाला पासष्ट, दोघांनी एकमेकांची कॉलर धरली. खरं सांगतो. तिसऱ्याला पडसं झालेलं –"

"तुमी तिथं बघायला गेलता काय, भावजी?" मंजुळा म्हणाली.

"साहेबांच्या मुलाने बघितलं. विचार त्यांना."

साहेबांनी पुड्याची दोरी सोडायला घेतली.

"तिसऱ्याला आली शिंक. भिंग पडलं हातातून. उचलायला वाकला, तर रुपया खालून त्याच्या तोंडावर असा चमकला, असा चमकला, की तो वाकलेलाच राहिला. म्हणाला, ही चमक कुठली? आम्ही एवढी नाणी बघतो, सगळी काळी, मळकी, आजारी. याला कोणीतरी हाताने वाढवलंय. कोण ती बाई? मुलाने सांगितलं, चिंचणीची जयवंती. साहेबाने टोपी काढली. म्हणाला, सत्तरच दिले असते, पण मग आमच्या देशातल्या बाया रुसतील. सात कमी करा. आणि लिहून ठेवा, म्हणाला, हा हात पुन्हा बघायला मिळायचा नाही."

मंजुळा हसून हसून भिंतीला टेकली. पुंडलिक मात्र हसत नव्हता. शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज जरासा हलला होता, आणि ते त्याने रचलेलं नव्हतं. असं का झालं ते तो शोधतच होता. जयवंतीने डबी उचलली होती. पणती जवळ ओढली होती. डबी अगदी नाकापाशी नेली, जरा लांब केली, पुन्हा जवळ.

"खोटं," ती म्हणाली.

मंजुळा म्हणाली, "ते तर गो आमाला पन ठाव हाय. पडशाचं –"

"पडशाचं नाय. रुपयाचं." जयवंतीने डबी सगळ्यांना दिसेल अशी पणतीसमोर धरली. "ही बघते हाय. माझ्या राणीला डोळा नाय. अर्धा आयेनं घासून घालवला, उरला तो मी. ही तर टकामका बघते माझ्याकडं. हा रुपया माझा नाय."

साहेबांच्या हातात दोरी तशीच. जयवंतीने डबी पाटाच्या कडेला ठेवली, पाहुणीला बसवावं तशी, आणि नवऱ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. होतं ते त्याला नीट वाचता आलं नाही.

"माझ्याला किती दिले?" ती म्हणाली. "आन् आता खरं सांगा."

चौथा परीक्षक त्याच्या जिभेवर तयार उभा होता, चष्मा लावून, नाव-गावासकट... पुंडलिकाने तोंड उघडलं, आणि तो परीक्षक आल्या वाटेने परत गेला. आत काहीतरी हलकं झालं, ओहोटीत होडीचा तळ वाळूला लागतो आणि वल्ही आपोआप थांबतात तसं. आता सांगायचं होतं ते साधं होतं, चार शब्दांचं. आणि पुंडलिक तामोरे, सदुसष्ट वर्षांचा, आयुष्यात पहिल्यांदाच घाबरून विचार करू लागला, की हे हिला खरं वाटेल असं सांगायचं तरी कसं.