तुम्ही घेतलंत म्हणून

छापखान्यात तिघांनी प्रुफं वाचून सह्या केल्याशिवाय पुस्तक मशीनवर चढत नाही. तरीही चुका राहतात, कारण दुसरा पहिल्याची सही बघून निर्धास्त होतो आणि तिसरा दोघांची. आपल्या बाइंडरकाकांना हे पंचवीस वर्षं ठाऊक होतं. पण स्वतःच्या पैशाची वेळ आली की माणूस कामावरची अक्कल कामावरच ठेवून येतो.

त्या दुपारी डिंकाचे हात पुसत ते प्रुफं तपासणाऱ्या बाईंच्या टेबलाशी आले.

"बाई, पेन द्या जरा. त्या नव्या योजनेचा फॉर्म भरतोय. साठवलेलं सगळं टाकतो."

"सगळं? काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं?"

"दामदुप्पट होणार म्हणतात. अख्खा छापखाना घेतोय, मीच कुणाचं घोडं मारलंय?"

"फॉर्म वाचलात?"

"मशीनवाल्यानं वाचला असेल की."

बाईंनी मशीनवाल्याला हाक मारली. "मी कुठं वाचलाय?" तो म्हणाला. "कटिंगवाल्यानं पैसे भरायचं ठरवलं, म्हणून मीही ठरवलं."

कटिंगवाला कागदांच्या थप्पीमागून म्हणाला, "मला काय विचारता? तो फॉर्म पहिल्यांदा काकांच्या खिशात दिसला. म्हटलं, हा माणूस चप्पल घ्यायलासुद्धा तीन दुकानं फिरतो. त्यांनी घेतलाय म्हणजे पारखूनच!"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अरे, मी तो कागदासाठी उचलला होता! जाड, गुळगुळीत. म्हटलं, वहीला पुठ्ठा होईल. मग तुम्ही सगळे घ्यायला लागलात, म्हणून मीही..."

हशा पिकला. काकाही हसले, पण वरमून.

बाई मात्र हसल्या नाहीत. "दहा जणांनी घेतलं की दहा जणांनी तपासलं असं वाटतं. इथं तर एकानंही नाही. योजना चांगलीही असेल, काका. पण ती तुम्हाला सोयीची आहे का, हे मशीनवाल्याला कसं कळणार?"

संध्याकाळी नवरा-बायकोनं तो चार पानी फॉर्म ओळ न् ओळ वाचला. अकरा मिनिटं लागली. शेवटच्या पानावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, की तीन वर्षं पैसे काढता येणार नाहीत. काहीच लपवलेलं नव्हतं.

"आणि माझं ऑपरेशन दोन महिन्यांवर," काकू म्हणाल्या. "की गुडघ्याला सांगू, थांब बाबा?"

काकांनी फॉर्म बाजूला सारला. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

ती योजना पुढे बुडाली की तरली, हे मी सांगणार नाही. मशीनवाल्यानं फॉर्म नीट वाचून मगच पैसे भरले आणि तो खुशीत आहे. मंडळी, चारचौघांना जरूर विचारा. पण 'घेतलंत का' असं नको, 'वाचलंत का' असं विचारा. आणि आपली निकड आपणच तपासा, ती दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते. बाकी सगळ्यांच्या पैशाला तीन वर्षं थांबता येत होतं. काकूंच्या गुडघ्याला येत नव्हतं.