आतून बटण नको

ज्या वर्षी मयुरीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. साखरपुडा झाला होता. आई सुषमा लोकांच्या साड्यांना टिकल्या चिकटवून पोट भरायची. त्या महिन्यात पहिल्यांदाच ती स्वतःच्या पोरीच्या साडीवर टिकल्या लावत होती. तेवढ्यात अमळनेरहून पाहुण्यांचा निरोप आला. कोणीतरी त्यांचे कान भरले होते. "ज्याच्या बिडीनं आमचा माणूस जळाला, त्याची पोर आम्हाला नको."

बिडी म्हणजे भटूची. भटू सुषमाचा नवरा आणि योगराजचा थोरला भाऊ. बारा वर्षांपूर्वी सुरतेजवळ कडोदऱ्याला मगन शेठच्या लूमच्या कारखान्याला आग लागली, तिच्यात भटूसकट चौघं गेले; त्यांतला एक अमळनेरच्या पाहुण्यांच्या नात्यातला. रात्रपाळीच्या माणसांनी कापडाचे ताके पळवू नयेत म्हणून शेठ शटरला बाहेरून कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून घरी जायचा. हे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आगीनंतर कुलूप गायब झालं. शटर उघडंच होतं, असं कागदावर आलं. आग कशी लागली, तर म्हणे भटू ताक्यांजवळ बिडी ओढत होता. आतले सांगायला उरले नाहीत, आणि बाहेरच्यांना दुसऱ्या दिवशी त्याच शेठकडे काम मागायचं होतं.

निरोप आला त्या दिवशी सुषमा रडली नाही. गोडादऱ्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसली आणि दिराला म्हणाली, "त्यासनी बिडी कधी हातमा धरी नई. माले कोर्ट नको, पैसा नको. त्या शेठना तोंडमाईन एकदाव आयकनं शे, कुलूप कोनी लायं व्हतं."

योगराजने मान हलवली. डूख तर त्याने बारा वर्षांपासून धरला होता, पण शेठपर्यंत पोचायची वाट नव्हती.

वाट शेठनेच दिली. योगराज घरोघर कॅमेरे, अलार्म बसवायचं काम करायचा. मे महिन्यात मालकाने एक पत्ता हातात दिला. बंगल्यात अलार्मचं जुनं पॅनल होतं. ते नव्या सॉफ्टवेअरला जोडायचं, म्हणजे दारं, दिवे, एसी, सायरन सगळं फोनवरून चालेल. खाली नाव होतं मगन शेठचं.

दोन दिवस पॅनल आणि सॉफ्टवेअरचा मेळ बसेना. एक जुन्या जमान्यातलं, दुसरं कालचं. सासू-सुनेसारखं एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. योगराजने वायरी तपासल्या, आकडे पुन्हा घातले. पाटील हे नाव ऐकूनही शेठने त्याला ओळखलं नाही. सुरतेत पाटील काय थोडे आहेत?

तिसऱ्या दिवशी दुपारी जमलं. एकेक दार फोनवर दिसायला लागलं. शेवटचं दार तिजोरीच्या खोलीचं.

"पाटील, या खोलीचं वेगळं कर," शेठ म्हणाला. "चोर आत गेला की सायरन, आणि दार बंद. उंदीर पिंजऱ्यात!"

"शेठ, आतून उघडायला बटण लागतं. नियम आहे तसा."

"अरे, चोराला बटण कशाला? ये-जा कर म्हणावं काय त्याला?"

"उद्या तुम्हीच आत अडकलात तर?"

"माझ्या घरात मी अडकणार? मने गांडो समजे छे? वेडा समजतोस मला?" शेठ हसला. "मी तुमच्या लोकांकडून तीस वर्षं काम घेतलंय. मला शिकवू नको."

योगराजने कामाचा कागद पुढे केला. "तसं लिहून द्या, शेठ. नाहीतर मालक मला धरेल." शेठने लिहिलं, आतून बटण नको, आणि खाली झोकात सही ठोकली.

सही वाळेपर्यंत योगराजच्या मनात सगळं जुळून आलं होतं.

"चालवून दाखव," शेठ म्हणाला. "मी चोर होतो." घरची मंडळी बारडोलीला लग्नाला गेलेली. शेठचा फोन जोडणीसाठी योगराजच्याच हातात. शेठ खोलीत शिरला. योगराजने आपल्या फोनवरून सुषमाला लावलं. "वैनी, फोन कानले लायी बस. बोलू नको." मग त्याने शेठच्या फोनवर बोट टेकवलं.

खट्. दार बसलं.

"वाह! सरस!" आतून आवाज आला. "चल, खोल आता."

योगराजने दिवा घालवला. एसी घालवला.

"ए पाटील! लाइट गेली!"

खोलीत पॅनलचा स्पीकर होता. योगराज त्यावर बोलला, "शेठ, कडोदऱ्याच्या शटरला कुलूप कोणी लावलं होतं?"

"कोण आहेस तू?"

"भटू पाटीलचा भाऊ."

"अरे, त्याने बिडी... पोलिसांनी लिहिलंय ने! दरवाजो खोल!"

योगराजने सायरन सोडला. दार धडधडायला लागलं. त्याने मनातल्या मनात शंभर आकडे मोजले आणि सायरन थांबवला.

"ओरडा, शेठ. सायरनमध्ये बाहेर काही ऐकू येत नाही. लूम चालू असताना पण येत नव्हतं."

"भाऊ, मला बीपी आहे. श्वास कोंडतोय."

"कुलूप कोणी लावलं होतं?"

पुन्हा सायरन. या वेळी दार फार वेळ धडधडलं नाही. थांबवल्यावर आतून रडका आवाज आला. "मी लावलं! रोज मीच लावायचो. बधाने खबर हती, सगळ्यांना ठाऊक होतं."

"किल्ली?"

"माझ्याकडे. मी घरी होतो. पोचायला उशीर झाला."

"आणि बिडी?"

"मी सांगितली. भटू पीत नव्हता. मेलेला माणूस, तो काय बोलणार होता?"

खोलीतला शब्द न् शब्द योगराजच्या फोनमध्ये रेकॉर्ड होत होता. त्याने तोच फोन कानाला लावला. पलीकडे नुसता श्वास.

"वैनी, उघडू का?"

"राहू दे थोडं."

तो उभा राहिला. आत शेठ देवाची नावं घेत होता. बऱ्याच वेळाने सुषमा म्हणाली, "उघड आते. मरी गया ते लोके त्याले बी बिचारा म्हनतीन."

दार उघडलं. शेठ घामाने निथळत, भिंत धरून बाहेर आला. "तुला जेलमध्ये टाकीन!"

"टाका," योगराजने कागद दाखवला. "काम तुमच्या सहीनं झालंय. आणि ठाण्यात आधी हे ऐकवू."

शेठ ठाण्यात गेला नाही. त्याने योगराजची नोकरी मात्र घालवली. तोवर ते बोलणं नवागाम, गोडादऱ्यातल्या फोनाफोनांवर पोचलं होतं. ज्या बायका सुषमाला पाहून पदर तोंडाला लावायच्या, त्या तिच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबायला लागल्या.

पंधरा दिवसांनी अमळनेरचे पाहुणे नारळ घेऊन आले. चूक झाली, म्हणाले. सुषमाने त्यांना बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला नाही.

"पाणी प्या आणि निघा," ती म्हणाली. "बिडीवाल्याची पोर तुम्हाला नको होती. भटू पाटलाची पोर तुम्हाला मिळायची नाही."

भटू उत्तम पाटील १४ मे २०१२ रोजी पहाटे पाच वाजता मेला. त्याच्याबरोबर आणखी तिघे मेले. शटरला बाहेरून कुलूप होतं.