मागच्या दाराने

माझ्या सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतलेला मी लग्न झाल्यापासून एकदाही पाहिला नव्हता. देवळात नाही की कुणाच्या मयतीला नाही. त्या दिवशी रिक्षा पनवेलच्या बाजारातून तळ्याकडच्या गल्लीत वळली आणि त्यांनी गुपचूप पदर ओढून डोक्यावर घेतला. मला वाटलं, ऊन लागत असेल. माझी अक्कल तेवढीच.

गेले दोन महिने आमच्या भाड्याच्या घरात घर या विषयाखेरीज दुसरं बोलणं नव्हतं. माझा नवरा देवेश पनवेलबाहेरच्या कोन गावातल्या एका नव्या टॉवरवर भाळला होता. अकरावा मजला, दोन लिफ्ट, जनरेटर, पोहण्याचा तलाव, आणि खिडकीतून दिसणारा एक्स्प्रेस वे. एक्स्प्रेस वे दिसणं हे सुख कसं, ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणायचे, "त्या तलावात तू उतरणार आहेस? तुला बादलीतल्या पाण्याने हुडहुडी भरते." तो म्हणायचा, "आणि तू कौलं परतायला शिडीवर चढणार आहेस?"

कौलं होती ती माझ्या घराची. माझं म्हणजे मी मनात केव्हाच माझं करून टाकलेलं. जुन्या पनवेलमधलं जांभ्या दगडाचं बैठं घर, पुढे ओटी, ओटीवर झोपाळा, मागे परस, परसात विहीर आणि एक बकूळ. पडकं वगैरे अजिबात नव्हतं. भाडेकरू सोडून गेल्यावर मालकांनी नवा रंग लावून घेतला होता, खिडक्यांना नवे गज बसवले होते. मी एस.टी.च्या क्वार्टर्समध्ये वाढले. आमची तुळससुद्धा डालडाच्या डब्यात होती. त्या परसात पहिल्यांदा उभी राहिले, बकुळीखालची फुलं ओंजळीत घेतली आणि ते घर मला हवंच झालं. त्याच्यासाठी मी नवऱ्याशी अबोला धरला, रडले, रेवाला, म्हणजे आमच्या लेकीला, माझ्या बाजूने फितवलं. लाजायचं कशाला, सगळं केलं.

शेवटी दोघंही थकलो आणि ठरलं, आई म्हणतील ते घर. आई म्हणजे सासूबाई, शशिकला टिपणीस. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे असतात, म्हणजे खरं तर आम्ही त्यांच्या हुकमात असतो. दूधवाल्याने एक पिशवी जास्त लावली तरी त्याला फैलावर घेणाऱ्या बाई. पण घराचं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही घ्याल तिथे मी राहीन." मला असल्या उत्तरांचा संताप येतो.

मी त्यांना फोनवर त्या घराचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावला, एकेक फोटो नीट पाहिला आणि परसाच्या फोटोवर थांबल्या.

"विहीर आहे का अजून?"

"आहे की. वर जाळी बसवलीय."

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

'अजून' हा शब्द माझ्या कानांवरून गेला, डोक्यात शिरला नाही. पुढे मी दोनदा म्हटलं, चला, घर बघून घ्या, तर त्यांचे गुडघे दुखायला लागले. कोनचा फ्लॅट पाहायला मात्र याच गुडघ्यांनी गेल्या होत्या. मी ओळखलं, बाई लेकाच्या बाजूला आहेत. शुक्रवारी इकडे किंवा तिकडे टोकन द्यायचं होतं. म्हणून बुधवारी मी हाफ डे टाकला, त्यांना म्हटलं, चला, बाजारात पापलेटं बघू, आणि रिक्षावाल्याला गाडी तळ्याकडे घ्यायला सांगितली. देवेशलाही निरोप दिला होता, रेवाला शाळेतून घेऊन परस्पर तिकडेच ये. एकदा बाईंनी ती बकूळ पाहिली की काम फत्ते, असा माझा हिशेब.

एरवी रिक्षाने एक वळण जास्त घेतलं तरी जाब विचारणाऱ्या आई त्या दिवशी अवाक्षर बोलल्या नाहीत. पदर घेतला आणि समोर बघत बसल्या. गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाला म्हणाला, "ताई, आत गाडी नाय जात. इथंच उतरा." मी पैसे देऊन वळले, तर आई चालायला लागलेल्या. रस्ता दाखवायला मी पुढे व्हायचं, तर त्याच पुढे आणि मी मागे.

फाटक उघडून मी ओटीच्या पायऱ्या चढले. मागे पाहते तो आई नाहीत. घराची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये एक चिंचोळी वाट आहे, तिच्यातून त्या परसाकडे निघाल्या होत्या.

"आई, दार इकडे आहे."

त्यांनी ऐकलं नाही. मी मागोमाग गेले. त्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. चपला काढून त्यांनी धुण्याच्या दगडाखाली सरकवल्या होत्या, अगदी आत, कुणाला दिसू नयेत अशा. पाहुणी बाई चपला दारात काढते. ती दुसऱ्याच्या घरी धुण्याचा दगड शोधत नाही.

घराचे मालक महादेव कर्णिक आतल्या खिडक्या उघडत होते. साठी ओलांडलेले, सभ्य, बोलके गृहस्थ. माझी त्यांची आधी दोनदा भेट झाली होती. आवाज ऐकून ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर आले. "अहो, मागून काय येता, पुढून या ना," असं म्हणता म्हणता थांबले. जुडगा हातातून उंबऱ्यावर पडला.

"वहिनी?"

मला हसू आलं. "काका, या माझ्या सासूबाई. शशिकला टिपणीस."

ते माझ्याकडे बघतच नव्हते. "अरुंधतीवहिनी ना तुम्ही?"

आता आई यांना फैलावर घेणार म्हणून मी वाट पाहत राहिले. माणूस ओळखता येत नाही का, चष्मा बदला, असलं काहीतरी. आई म्हणाल्या, "महादेवभावजी, केस सगळे पिकले की तुमचे."

मी भिंतीला हात टेकला. भावजी म्हणतात दिराला. माझ्या सासऱ्यांना भाऊ नव्हता.

"कुठल्या अरुंधती?" मी विचारलं.

"आमच्या थोरल्या दादाची बायको," कर्णिक म्हणाले. "पहिली." मग घाईने म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नाही? ते नाव दादाने लग्नात ठेवलेलं. ताटातल्या तांदळात लिहून."

आणि मला माझं लग्न आठवलं. देवेशच्या आत्याने माझ्यासाठी 'देवयानी' काढून ठेवलं होतं, देवेशला शोभेल असं. ताटात तांदूळ पसरले, देवेशने अंगठीने पहिलं अक्षर ओढलं, इतक्यात आईंनी ताट स्वतःकडे घेतलं, तळव्याने तांदूळ सारखे केले आणि म्हणाल्या, "नीता आहे, नीताच राहील." आत्या आठ दिवस फुगून बसल्या होत्या. ऑफिसात मी सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या सासूबाई किती पुढारलेल्या आहेत म्हणून.

आई धुण्याच्या दगडावर बसल्या. पदर डोक्यावरच होता. त्यांनी जे सांगितलं ते बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा सुरात.

"चार वर्षं मूल झालं नाही. मग एके दिवशी सासूबाईंनी माझी पेटी या दारात आणून ठेवली. पुढून जाऊ नकोस म्हणाल्या, ओटीवर पाव्हणे बसलेत."

"मी ओटीवरच होतो," कर्णिक म्हणाले. "कॉलेजात होतो तेव्हा. पाव्हण्यांना पाणी देत होतो. मला आतलं ऐकू येत होतं."

"हो. दारातून तुमचा हात दिसत होता, तांब्या धरलेला."

एवढा मोठा माणूस मान खाली घालून उभा राहिला. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मला रागच आला. कुणाकुणाचा आला ते सांगता येणार नाही.

आईंनी विहिरीकडे पाहिलं. "तेव्हा हिला जाळी नव्हती. पेटी बाहेर आली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी काठावर जाऊन बसले होते. बराच वेळ. मग आठवलं, भात टाकायचा राहिलाय. म्हणून उठले."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. ज्या विहिरीजवळ बाकडं टाकून चहा प्यायची मी स्वप्नं बघत होते, ती हीच.

"वहिनी," कर्णिक चाचरत म्हणाले, "दादाचं दुसरं लग्न केलं. त्या नव्या वहिनींनाही मूल झालं नाही. मग मुंबईला डॉक्टरांनी दादालाच तपासलं. आमच्या आईला ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. दादा जाऊनही आता बारा वर्षं झाली."

पुढे फाटक वाजलं आणि देवेशचा आवाज आला. तो आणि रेवा त्याच चिंचोळ्या वाटेने मागे आले. रेवाच्या पाठीवर दप्तर होतं.

"आई, तू इथे? गुडघे बरे झाले वाटतं," देवेश म्हणाला. कुणीच हसलं नाही तेव्हा तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

आई उठल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी मागे टाकला आणि खांद्यावर नीट घेतला. "महादेवभावजी," त्या म्हणाल्या, "हा माझा मुलगा. आणि ही माझी नात."

कर्णिकांनी देवेशला हात जोडले. देवेशनेही काही न कळून जोडले. मग आईंनी दगडाखालून चपला काढल्या, हातात घेतल्या, मागच्या दाराने घरात शिरल्या, स्वयंपाकघर आणि माजघर ओलांडलं आणि ओटीच्या पायऱ्या उतरून बाहेर पडल्या. चपला त्यांनी शेवटच्या पायरीवर घातल्या. झोपाळ्याकडे पाहिलंही नाही. आम्ही तिघं मागोमाग गेलो.

घरी आल्यावर मी देवेशला सांगितलं. त्याने मला दोनदा सगळं परत सांगायला लावलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, आईचं आधी एक लग्न झालं होतं हे त्याला एका घराच्या व्यवहारातून कळावं? तो आईसमोर जाऊन बसला, पण त्याच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडला.

"बाबांना माहीत होतं?"

"सगळं. तेच म्हणाले, नाव नवीन ठेवू, म्हणजे जुन्याने कुणी हाक मारायला नको. शशिकला त्यांनीच ठेवलं. चांगला माणूस होता रे."

देवेशला तेवढं पुरलं. मला मात्र गप्प बसवेना. माझा स्वभावच तसा, शॉक बसला की मी भांडते.

"तुम्ही फोटो पाहिलात त्याच दिवशी सांगायचं होतंत. मी तुम्हाला फसवून तिथे घेऊन गेले. समजा, गेले नसते? शुक्रवारी टोकन देऊन बसलो असतो तर?"

"तर राहिले असते."

"त्या घरात?"

"तुला आवडलं होतं ना," आई म्हणाल्या. "किती भांडलीस त्याच्यासाठी. म्हटलं, भिंतींचा काय दोष. कडेची खोली घेतली असती."

दुपारी भिंतीला हात टेकून उभी राहिले तो धक्का काहीच नाही असं मला तेव्हा वाटलं. ही बाई रोज सकाळी त्या मागच्या दारात उभी राहिली असती, त्या विहिरीवरून धुणं वाळत घालायला गेली असती, आणि मला ओंजळभर बकुळीची फुलं आणून दिली असती. मरेपर्यंत मला कळलं नसतं. मी मैत्रिणींना बोलावून म्हटलं असतं, आमच्या आईंना हे घर किती मानवलं बघा. मी रडले. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि विचारलं, "मग पापलेटं आणलीच नाहीस?"

शुक्रवारी आम्ही कोनच्या फ्लॅटचं टोकन दिलं. आई म्हणत होत्या, माझ्यासाठी नको. मी म्हटलं, तुमच्यासाठीच आहे, आणि यावर चर्चा नको. खोटं कशाला बोलू, ती बकूळ अजून माझ्या डोळ्यांपुढे येते. पण ते घर हवं असं मी पुन्हा म्हटलेलं नाही, मनातसुद्धा नाही.

ताबा मिळायच्या आठवड्यात टॉवरच्या ऑफिसातून देवेशला मेसेज आला, दारावरच्या पाटीसाठी नावं कळवा. जेवणं झाली होती. देवेश मोठ्याने म्हणत म्हणत टाइप करू लागला, "देवेश. नीता. रेवा. शशिकला."

"शशिकला नको," आई म्हणाल्या.

देवेशचं बोट तसंच राहिलं. मला वाटलं, आता त्या अरुंधती म्हणतात की काय.

"मग काय लिहू?"

"रंभा."

देवेशचे मामा त्यांना ताई म्हणायचे. त्यापलीकडे त्यांचं माहेरचं नाव काय, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"आजी, रंभा कोण?" रेवाने विचारलं.

"मी," आई म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी ठेवलेलं आहे."

देवेशला टाइप करता येईना. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि ते नाव सगळ्यात वर घातलं.