झाकलेलं ताट

वनमालाला शाळेत गणित कधी जमलं नाही. सातवीत दोनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि मग लग्न होऊन कणकवलीकडच्या गावातून थेट भांडुपला आली. पण पोराच्या पोटाचं गणित तिला तोंडपाठ होतं. उकड्या तांदळाचा भात एक वाटी म्हणजे इन्सुलिनचे किती युनिट, नाचणीची भाकरी अर्धी म्हणजे किती, घावन दोन म्हणजे किती, हे ती डाळ निवडता निवडता सांगायची. सुयोगला बाराव्या वर्षी डायबिटीस निघाला. उतारवयात होतो तो नव्हे, दुसरा, ज्यात जन्मभर सुई टोचावी लागते. पहिले सहा महिने ती नुसती रडली. मग पदर खोचला आणि शिकली.

आणि शिकायचं तरी किती! पोरगा एका जागी बसणारा असता तर निभावलं असतं, पण कार्ट्याच्या पायाला भिंगरी. आठवीत धावायला लागला तो चोवीस वर्षांचा झाला तरी धावतच होता. पहाटे उठून भांडुपहून मुलुंड चेकनाका गाठायचा आणि परत. डॉक्टरीणबाईंनी मायलेकांना समोर बसवून बजावलं होतं. धावायच्या आधी अर्धं केळं तरी पोटात हवं, नुसत्या चहावर निघायचं नाही. धावून आल्यावर अंग कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतं, म्हणून त्या दिवशी सुई नेहमीपेक्षा कमी. आणि तिसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. सुई टोचली की लगेच जेवायचं, कारण ती आत गेली की कुणासाठी थांबत नाही.

बारा वर्षं वनमालाने हा नेम पाळला. भात शिजला, पानात पडला, त्यावर आमटी पडली, की मग ती आतूनच हाक द्यायची, "टोच रे." सुयोग शर्ट वर करून पोटाला सुई लावायचा आणि पुढच्या मिनिटाला पहिला घास. नवरा, गुणाजी, हसायचा. म्हणायचा, आमच्या घरात देवाआधी सुईला नैवेद्य. कांजूरमार्गच्या एका कंपनीत तीस वर्षं काढलेला साधा माणूस. तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

म्हणून गेल्या वर्षी पितृपक्षात गुणाजीचा म्हाळ होता, श्राद्धाचं पान ठेवायचं होतं. चारकोपहून थोरले दीर शिवदास आले. लग्न झालेली लेक रुचिरा आदल्या दिवशीच आली होती. वनमालाने वडे काढले, काळ्या वाटाण्याचं सांबार केलं, भोपळ्याची भाजी, अळू, तांदळाची खीर. सगळं गुणाजीच्या आवडीचं. सुयोग सकाळी बारा किलोमीटर धावून आला होता. जानेवारीत मोठी शर्यत होती, त्यामुळे म्हाळ असो नाहीतर काही असो, एक दिवस चुकवायला तयार नव्हता. आल्यावर चार बिस्किटं आणि चहा, बस. पान मुलाच्या हातून ठेवायचं, म्हणून आंघोळ करून तो बापाचं धोतर नेसला. धावताना खिशात असायची ती ग्लुकोजची पुडी धावायच्या पँटमध्येच राहिली. धोतराला खिसा कुठला!

सव्वाबाराला ताटं वाढून झाली. कावळ्याचं पान वेगळं, घरच्यांची ताटं वेगळी. सुयोगचं ताट वाढून झालं आणि बारा वर्षांच्या सवयीने वनमालाच्या तोंडून निघालं, "टोच रे."

त्यानेही सवयीने टोचली. शिवाय ताटाकडे बघून टोचली. वडे आहेत, भात आहे, खीर आहे, तीही गुळाची, म्हणून धावून आलेला असूनही मोजून बारा युनिट घेतले. हिशेब बरोबर होता. ते ताट जेवला असता तर काही म्हणजे काही झालं नसतं. आदल्या वर्षी कावळा पाच मिनिटांत शिवला होता, त्यामुळे कुणाच्या मनात काही आलंच नाही. वनमालाने ताटावर ताट झाकलं आणि सगळे पान घेऊन गच्चीवर गेले.

आता भांडुपच्या कावळ्यांचं काय सांगावं! मेले सकाळपासून गाडीवरचे पावाचे तुकडे आणि मटणाच्या दुकानामागचं खाऊन तट्ट फुगलेले. त्यात पितृपक्ष. जिकडे बघाल तिकडे गच्चीवर पान मांडलेलं आणि माणसं हात जोडून उभी. साहेब पाण्याच्या टाकीवर बसून खाली बघतायत, मान वाकडी करतायत आणि उडून शेजारच्या इमारतीवर जातायत. अर्धा तास गेला. ऊन मी म्हणत होतं. शिवदासांनी डोक्यावर रुमाल बांधला आणि सांगून टाकलं, "कावळो शिवल्याशिवाय कोणी तोंडात घास घालूचो नाय."

गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, अशी आपली समजूत. मग शिवदास एकेक वचन देत सुटले. गावच्या घराची कौलं परतू म्हणाले, रुचिराच्या बाळंतपणाला काही कमी पडू देणार नाही म्हणाले. कावळा ढिम्म. सुयोग कठड्याला टेकून उभा होता. कपाळावर घाम, मान, पाठ सगळं भिजलेलं. वनमालाने बघितलं आणि ऊन लागतंय बिचाऱ्याला, एवढंच तिच्या मनात आलं.

एक वाजून गेला आणि सुयोग एकदम खवळला. बाबांना कळत नाही का, म्हणाला, इथे माणसं उपाशी उभी आहेत ते? जिवंतपणी कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही आणि आता कसला हट्ट? काकांकडे बघून म्हणाला, हे सगळं थोतांड आहे.

शिवदासांचा चेहरा पडला. वनमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुयोग मोठ्यांना उलटून बोलणारा पोरगा नव्हता. साखर उतरायला लागली की आधी त्याचा आवाज चढतो, हे तिला बारा वर्षं माहीत होतं. घरात तो चिडला की कारण विचारायच्या आधी ती साखरेचा चमचा पुढे करायची. त्या दिवशी मात्र तिला दिसला तो थोरल्या दिरासमोर मेलेल्या बापाला बोल लावणारा मुलगा. सुई डोक्यातून गेलीच कशी, हे तिला अजून उमगलेलं नाही.

ती म्हणाली, "खाली जा, जाऊन पड. आणि ताटाला हात लावू नकोस. थोडं थांब. बाबांसाठी एवढंसुद्धा होत नाही तुझ्याच्याने?"

तो तिच्याकडे बघत राहिला. ती काय बोलतेय ते कळत नसल्यासारखा. मग भिंत धरून जिना उतरला.

त्यानंतर तासभर कावळा नाही. शिवदासांची वचनं संपली. शेवटी वनमाला पुढे झाली, पानासमोर बसली, हात जोडले आणि नवऱ्याला म्हणाली, "सुयोगला जपेन मी. तुम्ही काळजी करू नका." आणि टाकीवरचा कावळा खाली आला. वडा उचलला, सांबारात चोच बुडवली. रुचिराने टाळीच वाजवली. शिवदासांनी डोळे पुसले, म्हणाले, लेकरात जीव अडकला होता माझ्या भावाचा.

वनमाला जिना जवळजवळ पळतच उतरली. दारातूनच ओरडली, "शिवला रे! चल, जेवायला बस!"

सुयोग स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून बसला होता, मान एका बाजूला पडलेली. मांडीवर साखरेचा डबा. मुंग्या लागतात म्हणून वनमाला त्याचं झाकण दाबून घट्ट बसवायची. झाकण तसंच होतं. आणि हातभर अंतरावर त्याचं ताट, झाकलेलं. त्याने त्याला हात लावला नव्हता. आईने ताटाला हात लावू नकोस म्हटलं होतं. साखरेबद्दल ती काही बोलली नव्हती.

तिने झाकण दातांनी उचकटलं, साखर त्याच्या हिरड्यांना चोळली, हाका मारल्या. रुग्णवाहिका यायला वेळ लागला. दवाखान्यात रक्तातली साखर दहा मिनिटांत वर आली, पण सुयोग आला नाही. मेंदू फार वेळ उपाशी राहिला, असं डॉक्टर म्हणाले. नवव्या दिवशी संपलं.

वर्ष कसं गेलं ते विचारू नका. शिवदास खचले. एकदा चारकोपहून नुसते येऊन बसले, "माझा चुकला" म्हणाले आणि चहा न घेता गेले. वनमालाने त्यांना दोष दिला नाही. टोच म्हणणारी ती, थांब म्हणणारीही तीच. लोक सांगायचे, नशीब असतं एकेकाचं. तिला त्या बोलण्याचा संताप यायचा. नशीब कसलं डोंबलाचं? एक चमचा साखर होती ती.

यंदा सुयोगचं वर्षश्राद्ध झालं. तिने नाचणीची भाकरी केली, घावन केले, आणि खीर. बारा वर्षं वाटीने मोजून दिलेली खीर त्याच्या पानात तिने न मोजता वाढली. मग शिवदासांचं ताट वाढलं, रुचिराचं आणि जावयाचं वाढलं, आणि म्हणाली, "जेवा."

शिवदास घुटमळले. पानाकडे बघितलं.

"आधी तुम्ही जेवा, भावोजी. माझ्या घरात आता कुणी उपाशी थांबणार नाही."

त्यांनी खाली मान घालून भात कालवला. पहिला घास त्यांना गिळवत नव्हता, तरी गिळला. ती उभी राहून बघत राहिली. तिघांच्याही तोंडात घास गेला तेव्हा पान उचललं आणि एकटीच जिना चढली.

तिने स्वतः कालपासून काही खाल्लं नव्हतं. गच्चीवर सावलीचा कोपरासुद्धा बघितला नाही. संध्याकाळ होवो, रात्र होवो, हलायचं नाही असं ठरवूनच ती आली होती. सुयोगने तिला बसवावं ताटकळत. उन्हात बसवावं, चक्कर येईपर्यंत बसवावं. वचन एकही द्यायचं नव्हतं तिला. फक्त त्याचा राग हवा होता.

तिने पान खाली ठेवलं. हात मागे घ्यायच्या आत पंखांचा वारा लागला. कावळ्याने घावनाचा तुकडा तोडला, खिरीत चोच घातली, पुन्हा घातली.

वनमाला पानासमोर बसली. कसलीच इच्छा राहिली नाही का रे तुझी? आईवर साधं रुसणंसुद्धा नाही?

"थोडं थांब ना रे," ती म्हणाली.

कावळा तोवर उडून गेला होता.